नवापूर, २००६ : मरतुकीच्या वहीतले बावीस दिवस

बालाघाटच्या बाजारात अंडी घेताना आपण दोनच गोष्टी बघतो. अंडं तडकलेलं नाही ना, आणि आज ट्रे कितीला. तीस अंड्यांचा तो करड्या लगद्याचा ट्रे कुठल्या शेडमधून आला, त्या शेडमध्ये मागच्या आठवड्यात किती कोंबड्या मेल्या, हे मीही आजवर कुणाला विचारलं नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. पाठोपाठ सिवनीपलीकडच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तोच विषाणू निघाला. कान्हाचं जंगल मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या आमच्या तळ्यांवर दर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, आणि गावागावांत परसात कोंबड्या आहेत. तेव्हा मला वाटलं, हा आजार आपल्या देशात पहिल्यांदा जिथे उघड झाला त्या नवापूरची गोष्ट एकदा दिवसागणिक, तासागणिक मांडून बघावी.

या गोष्टीत दोन घड्याळं चालतात. एक भिंतीवरच्या कॅलेंडरचं, दुसरं कोंबडीच्या अंगातलं. दुसरं फार जोरात चालतं.

शुक्रवार, २७ जानेवारी २००६. उरले बावीस दिवस

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावर, महाराष्ट्र आणि गुजरातच्या ऐन शिवेवर. शीव किती ऐन, तर ती रेल्वे स्टेशनातूनच जाते. अर्धा फलाट या राज्यात, अर्धा त्या. सुरत–धुळे महामार्ग गावाला लागून. भोवती आदिवासी पाडे, आणि रस्त्याच्या आसपास अंड्यांच्या कोंबड्यांची, म्हणजे लेअरची, मोठमोठी फार्म. सुरतेसारखं गिऱ्हाईक हाताशी, खाद्य आणायला आणि माल न्यायला सरळ रस्ता. धंदा इथे वाढला यात नवल काहीच नाही.

पुढे भारत सरकारने पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेला कळवलं, त्यात साथीची सुरुवात म्हणून तारीख दिली ती हीच, २७ जानेवारी. प्रजासत्ताक दिनाचा दुसरा दिवस. त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहाटे ४. शेडमधले दिवे

कुठल्याही लेअर शेडचा दिवस उजेडाआधी सुरू होतो. कोंबडीने भरपूर अंडी द्यावीत म्हणून तिला दिवसाचे सोळा तास उजेड लागतो. सूर्य जितका कमी पडतो तितका बल्ब भरून काढतात. दिवे लागले की पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये एकच कलकलाट उठतो. मग खाद्य: एका कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम. मग पाण्याच्या निपलची तपासणी. आणि त्याच फेरीत मेलेल्या कोंबड्या उचलणं.

हे काम शेडवरचा गडी करतो. पाच हजारांच्या शेडमध्ये रोज एखाददुसरी कोंबडी मरणं नेहमीचंच. ती पायाला धरून बाहेर काढायची, खड्ड्यात टाकायची आणि वहीत आकडा लिहायचा. या वहीत तीन रकाने मुख्य असतात. खाद्य किती गेलं, अंडी किती आली, मर किती झाली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे मळलेली, खाद्याच्या भुकटीने पिवळट झालेली ही वही शेडच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते. अंड्याच्या गुणवत्तेविषयी देशात जेवढे कायदे, नियम आणि शिक्के आहेत, त्या सगळ्यांच्या आधी ही वही येते, असं माझं मत आहे. हा लेख मुख्यतः त्या वहीबद्दलच आहे.

कोंबडीच्या अंगात : तास शून्य

विषाणू शेडमध्ये कसा शिरतो? बहुतेक वेळा विष्ठेच्या कणाबरोबर. तो कण बुटाच्या तळव्याला असेल, गाडीच्या चाकाला असेल, बाजारातून परत आलेल्या ट्रेच्या खळग्यात असेल, किंवा उघड्या टाकीवर बसलेल्या पाखराने पाण्यात सोडलेला असेल. थंडीत तो टिकतोही फार. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे चार अंश तापमानाला विष्ठेत हा विषाणू किमान ३५ दिवस जिवंत राहतो. ३७ अंशाला सहा दिवस. जानेवारीच्या खानदेशातल्या रात्री त्याला मानवणाऱ्याच.

तास ८

एका पेशीत शिरल्यापासून सहा ते आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात. साधा कोंबडी-फ्लू श्वासनळी आणि आतडं यांपलीकडे सहसा जात नाही, कारण त्याच्या आवरणावरचं प्रथिन तोडणारी विकरं तिथेच असतात. बर्ड फ्लूच्या एच५एन१ या घातक जातीचं तसं नाही. तिचं प्रथिन शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक अवयवातली विकरं तोडू शकतात. त्यामुळे मेंदू, हृदय, यकृत, अंडाशय असं कुठलंच दार तिला बंद नसतं.

तास २४

एक अंडं तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात, आणि त्यातले वीस तास फक्त कवचाचे. म्हणजे काल सकाळी लागण झालेली कोंबडी आज सकाळी अंडं देऊ शकते. ती अजून उभी आहे, थोडं खातेही आहे. अंडं कदाचित मऊ कवचाचं असेल, कदाचित अगदी धडधाकट दिसेल. पण या विषाणूने आजारी कोंबडीच्या अंड्यात, कवचावर आणि आतल्या पांढऱ्या-पिवळ्यातही, तो सापडलेला आहे.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने सगळ्या घटनाक्रमातला हा सर्वांत नाजूक तास. आजार अजून दिसत नाही आणि अंडं मात्र ट्रेत गेलेलं आहे. नीट शिजवलेल्या अंड्याची भीती नाही. आतपर्यंत ७० अंश तापमान गेलं की विषाणू मरतो. अर्धकच्चं अंडं, कच्च्या अंड्याचे पदार्थ, आणि अंडी हाताळून हात न धुता दुसऱ्या कामाला लागणं, यांची भीती आहे. त्याहून मोठी भीती ट्रेची, कारण तो ट्रे दुसऱ्या शेडमध्ये जाणार असतो.

तास ३६

शेड गप्प होतं. जे लोक रोज शेडमध्ये वावरतात त्यांना पहिली खूण कानांनीच कळते: कलकलाट कमी झाला. कोंबड्या खाद्याकडे बघत नाहीत, मान आत ओढून, पिसं फुलवून बसतात. तुरा निळसर-जांभळा पडतो, चेहरा सुजतो, पायांवर, जिथे पिसं नसतात तिथे, कातडीखाली लाल डाग उमटतात. अंड्यांचा रकाना धाडकन खाली येतो.

तास ४८

कोंबडी मरते. लागण झालेल्या कळपातल्या जवळजवळ सगळ्याच मरतात. पिंजऱ्यात शेजारी-शेजारी असलेल्या पाच हजार कोंबड्यांत हा खेळ सुरू झाला की वहीतला मरीचा आकडा आज दोन, उद्या वीस, परवा दोनशे असा चढतो.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. उरले अकरा ते सतरा दिवस

नवापुरात कोंबड्या मरत होत्या आणि पहिला संशय राणीखेतवर गेला. खेड्यापाड्यांत जिला मानमोडी म्हणतात तीच ही. कुमाऊंमधल्या राणीखेत गावी १९२७च्या सुमारास ती आपल्या देशात पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून हे नाव. मान वेडीवाकडी होणं, हिरवी हगवण, श्वास लागणं, झटपट मर. लक्षणं इतकी सारखी की नुसत्या डोळ्यांनी फरक सांगणं अनुभवी पशुवैद्यालाही अवघड. तिच्यावर लस आहे आणि लेअरवाले ती पिल्लाच्या पहिल्या आठवड्यापासून टोचतात, पाजतात. लस कुठे कमी पडली असेल, हिवाळा आहे, जाईल आठवडाभरात, असं मनाला समजावणं माणसाला सोपं जातं.

इथे शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघायला हवं. एका लेअरला अंड्यावर यायला अठरा-वीस आठवडे लागतात. तोवर ती फक्त खाते. बँकेचं कर्ज, खाद्यवाल्याची उधारी, पिल्लांचे पैसे, सगळं तिच्या पुढच्या वर्षभराच्या अंड्यांवर उभं असतं. अशा माणसाने फोन उचलून ‘माझ्याकडे मर वाढली आहे’ असं सांगायचं म्हणजे आपलं शेड बंद करा असंच सांगायचं. त्या वेळी असं सांगितल्यावर भरपाई मिळेल का, किती, कधी, याचा काही पायंडाच नव्हता. देशात हा रोग कोंबड्यांमध्ये कधी निघालाच नव्हता. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ माणसांना लागण होऊन सहा दगावली, २००५च्या उन्हाळ्यात चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, मग तुर्कस्तान, रशिया, युरोप. या बातम्या पेपरात येत होत्या. त्या आपल्या नव्हत्या एवढंच. नवापुरात सापडलेला विषाणू पुढे तपासला गेला तेव्हा तो याच छिंगहाई कुळातला निघाला.

मला शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. पण वहीत आकडा लिहिला जात होता आणि वही शेडबाहेर जात नव्हती, हे खरं आहे, आणि ते लिहिलंच पाहिजे.

रोज दुपारी १२. ट्रे भरतात

पाच हजार कोंबड्या आणि नव्वद टक्के उत्पादन म्हणजे साडेचार हजार अंडी, दीडशे ट्रे. बहुतेक अंडी दुपारपर्यंत गोळा होतात. संध्याकाळी गाडी येते, भरलेले ट्रे चढतात, रिकामे उतरतात. ते रिकामे ट्रे कुठून आले? दुसऱ्या फार्मच्या, दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या राज्याच्या दुकानातून. लगद्याचा ट्रे धुता येत नाही. तो एकदाच वापरावा हे पुस्तकी सत्य सगळ्यांना माहीत आहे; तो फाटेपर्यंत वापरला जातो हेही सगळ्यांना माहीत आहे.

अंड्याच्या प्रतीचे नियम बघा. अ‍ॅगमार्कप्रमाणे ६० ग्रॅमच्या वरचं अंडं अतिमोठं, ५३ ते ५९ मोठं, ४५ ते ५२ मध्यम, ३८ ते ४४ लहान. कवच स्वच्छ हवं, तडा नको. उजेडावर धरलं की आतली हवेची पोकळी ‘ए’ प्रतीला चार मिलिमीटरपर्यंत, ‘बी’ला आठपर्यंत. नियम चांगले आहेत, ताजेपणा त्यातून कळतो. पण एच५एन१ने मरायला टेकलेल्या कोंबडीचं शेवटचं अंडं ५५ ग्रॅमचं, स्वच्छ आणि तीन मिलिमीटर पोकळीचं असू शकतं. त्याला उत्तम प्रत मिळेल. अंड्याकडे बघून शेडची तब्येत कळत नाही. त्यासाठी वहीच उघडावी लागते.

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. उरले थोडे दिवस

मर थांबेना. नमुने भोपाळला गेले. भोपाळच्या आनंदनगरमधली अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळा हे मध्य प्रदेशातल्या आम्हा लोकांना फारसं न कळलेलं एक मोठं ठिकाण आहे. बर्ड फ्लूसारख्या जनावरांच्या अतिधोकादायक रोगांसाठी देशात जी एक जागा उभारली गेली ती ही. पुढे २००९ मध्ये तिला जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून मान्यता मिळाली. आतली हवाही गाळून बाहेर सोडतात, माणूस अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही.

तिथे घड्याळ कसं चालतं ते जाणून घेण्यासारखं आहे. विषाणूच्या जनुकांची चाचणी काही तासांत इशारा देते. पण खात्रीसाठी विषाणू वाढवून बघावा लागतो, आणि तो वाढवतात कोंबडीच्याच अंड्यात: नऊ ते अकरा दिवस उबवलेलं, आत गर्भ जिवंत असलेलं, रोगमुक्त कळपातलं अंडं. कवचाला बारीक भोक पाडून नमुना आत सोडायचा, मेणाने भोक बंद करायचं, आणि बघत राहायचं. एच५एन१ असला तर गर्भ एक-दोन दिवसांत मरतो. मग तो कुठल्या जातीचा, किती घातक, हे ठरवायचं. यातला एकही टप्पा घाईने उरकता येत नाही, कारण ‘हो’ म्हटलं की लाखो कोंबड्या मारल्या जाणार आणि ‘नाही’ म्हटलं तर माणसं धोक्यात येणार.

प्रयोगशाळेला लागले ते दिवस न्याय्य होते. नमुना तिथे पोहोचण्याआधी जे दिवस गेले त्यांचं मला वाईट वाटतं.

शनिवार, १८ फेब्रुवारी २००६. तास शून्य

जाहीर झालं: नवापुरात एच५एन१. भारतात पहिल्यांदाच. राज्याचे पशुसंवर्धनमंत्री अनीस अहमद यांनी सांगितलं, केंद्रात शेतीखातं शरद पवारांकडे होतं, त्यांच्या मंत्रालयाने दुजोरा दिला. तोवर तालुक्यात सुमारे पन्नास हजार कोंबड्या मेल्याचं सांगितलं गेलं.

पन्नास हजार. वहीत हा आकडा एका ओळीत मावत नाही. तो कितीतरी शेडमधल्या, कितीतरी पानांवरच्या कितीतरी ओळींची बेरीज आहे. यातली कुठलीतरी एक ओळ, पहिली ‘वीस’ची किंवा पहिली ‘दोनशे’ची, ज्या दिवशी लिहिली गेली त्या दिवशी फोन गेला असता तर बेरीज वेगळी झाली असती.

रविवार, १९ फेब्रुवारी. अधिक २४ तास

कोंबड्या मारायला सुरुवात झाली. पांढरे संरक्षक कपडे, चष्मे, मुखपट्ट्या, दुहेरी हातमोजे घातलेली पथकं फार्मवर उतरली. त्यांना टॅमिफ्लूच्या फ्लूविरोधी गोळ्या आधी दिलेल्या. साथीच्या केंद्रापासून तीन किलोमीटरच्या वर्तुळातली एकही कोंबडी शिल्लक ठेवायची नाही, दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, असा नियम. माना पिरगळून मारलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यांत टाकायच्या, वर चुना, वर माती. अंडी, खाद्य, ट्रे, सगळं त्याच मातीत. तालुक्यात अडीच लाखांच्या आसपास कोंबड्या गेल्या आणि लाखो अंडी.

शेडबरोबर पाड्यांवरच्या गावठी कोंबड्याही गेल्या. लेअरवाल्याचं नुकसान लाखांत मोजता येतं. आदिवासी घरातल्या चार कोंबड्या आणि एक कोंबडा हे मात्र त्या घराचं अडीअडचणीचं पाकीट असतं. आजारपण आलं की एक विकायची, पाहुणा आला की एक कापायची, देवाला एक द्यायची. ते पाकीट एका सकाळी रिकामं झालं. सरकारने अंड्यावरच्या कोंबडीला ४० रुपये भरपाई ठरवली. अठरा आठवडे खाऊ घातलेल्या कोंबडीला.

पुढचे दिवस

घरोघर ताप-सर्दीची चौकशी झाली. संशय आलेल्यांना वेगळं ठेवलं, त्यांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले. एकही माणूस बाधित निघाला नाही. या सबंध हकिगतीतली सर्वांत समाधानाची गोष्ट ही, आणि त्यात नशिबाचाही वाटा होता. भारतात या विषाणूने माणूस दगावल्याची पहिली नोंद पंधरा वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झाली. तो हरियाणातला लहान मुलगा होता.

बाजार मात्र सगळ्या देशाचा बसला. रेल्वेने गाड्यांच्या जेवणातून कोंबडी काढली. ज्या राज्यांत एकही कोंबडी आजारी नव्हती तिथलेही शेतकरी अंडी मिळेल त्या भावाला देऊ लागले. अंडं हा गरिबाच्या ताटातला सर्वांत स्वस्त, सर्वांत चांगला प्रथिनांचा तुकडा. पुढे याच महाराष्ट्र सरकारने अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर बायांना आणि अंगणवाडीतल्या मुलांना अंडं द्यायला सुरुवात केली, नंदुरबारही त्यात आलं. अंड्यावरचा विश्वास उडाला की ज्याच्या ताटात दुसरं काही नाही त्याचं ताट आधी रिकामं होतं. म्हणून हा प्रश्न मला निव्वळ कोंबडीवाल्यांचा वाटत नाही.

रस्त्याने पुढे

आठवड्याभरात शिवेपलीकडच्या उच्छल तालुक्यात साथ निघाली; तो तेव्हा सुरत जिल्ह्यात होता. मार्चच्या मध्यात जळगाव जिल्ह्यातली गावं: हातेड, साळवा, सावदा, मारूळ. आणि मार्च संपता-संपता आमच्या मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या इच्छापूरला. मधे फक्त राज्याची रेघ. एप्रिलमध्ये साथ आवरली तोवर तिन्ही राज्यांत मिळून दहा लाखांहून अधिक कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. ऑगस्ट २००६ मध्ये देश रोगमुक्त जाहीर झाला. २००७ मध्ये मणिपूर, २००८च्या जानेवारीत पश्चिम बंगाल. तिथे मारलेल्या कोंबड्यांचा आकडा चाळीस लाखांच्या घरात गेला. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा नवापूर. तीच गावं, तेच खड्डे, तोच चुना.

नकाशा काढून बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. नवापूरवरून जाणारा तो महामार्ग, जुना सहा नंबर, धुळे, जळगाव, भुसावळ, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली, देवरी असा करत रायपूरला जातो. देवरीवरून आमगाव, आमगाववरून लांजी. लांजी आमच्या जिल्ह्यात. अंड्याची गाडी याच रस्त्यांनी फिरते आणि रिकामे ट्रे घेऊन परत जाते.

आता

२००९ साली केंद्राने जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा केला. अधिसूचित रोगाचा नुसता संशय आला तरी मालकाने गावपातळीवरच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवलंच पाहिजे आणि त्यांनी पशुवैद्याला, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भरपाईचा भार केंद्र आणि राज्य अर्धा-अर्धा उचलतात. पुढच्या सुधारित आराखड्यांनी मारण्याचं वर्तुळ तीन किलोमीटरवरून एकवर आणलं. म्हणजे २००६च्या शेतकऱ्याला कळवण्याची जी भीती होती ती कमी करण्याच्या दिशेने पावलं पडली आहेत. माझ्या मते ती अजून तोकडी आहेत. भरपाई कोंबडीच्या खऱ्या किमतीला भिडली पाहिजे आणि महिन्याच्या आत हातात पडली पाहिजे, नाहीतर वही पुन्हा शेडच्या दारावरच टांगलेली राहील.

शेडवर करायच्या गोष्टी महागड्या नाहीत. दाराशी जंतुनाशकाची पायधुणी, आणि ती रोज बदललेली. आठवडाभर तेच चिखलाचं पाणी असलेली पायधुणी नसलेलीच बरी. शेडसाठी वेगळे बूट. धुता येणारे प्लास्टिकचे ट्रे. पाण्याच्या टाकीला झाकण, खिडक्यांना पाखरं न शिरणारी जाळी. गाडी फाटकाबाहेर. मेलेल्या कोंबडीसाठी झाकणाचा खड्डा. ओढ्यात किंवा रानात फेकलेली कोंबडी कुत्रा नेतो, कोल्हा नेतो, आणि कान्हाच्या कडेला असलो तर आणखी कोण नेईल हे गोरेवाड्याने दाखवलंच आहे. तिथल्या वाघांना तो विषाणू कोंबडीच्या मांसातून मिळाला असावा असा संशय होता.

अंडी विकत घेणाऱ्यालाही एक विचारता येतं. मी आता विचारतो: माल कुठल्या फार्मचा, ट्रे नवा का जुना. दुकानदार आधी बघत राहतो, मग सांगतो. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो गाडीवाल्याला विचारेल आणि गाडीवाला फार्मवाल्याला.

आणि ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत, मग त्या पाच हजार असोत की पाच, त्यांना हात जोडून सांगणं आहे. एका दिवसात नेहमीपेक्षा जास्त कोंबड्या मेल्या, शेड गप्प झालं, तुरे निळे पडले, तर राणीखेत असेल म्हणून आठवडा काढू नका. मेलेली कोंबडी कापू नका, खाऊ नका, स्वस्तात विकू नका, नदीत सोडू नका. त्या दिवशीची अंडी गाडीत चढवू नका. हात साबणाने धुवा, गावातल्या कोंबडीवाल्यांना तुमच्या शेडपासून लांब राहायला सांगा, आणि त्याच तासाला पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ हा क्रमांक फिरवा. फोन फुकट लागतो.